राणीचं शेवटचं प्रकरण

माय, आज सकाळपासून एका राणीनं माझा पिच्छा पुरवलाय. बसले की उठते, उठले की पुन्हा बसते. कूलरमध्ये पाणी घातलं, डाळ निवडून झाली, निवडलेली डाळ पुन्हा निवडली, पण चार ओळी काही लिहून होईनात. तुला हसू येईल, तुझी लेक या वयात राजवाड्याच्या कादंबऱ्या वाचते. कॉलेजात जाऊ लागलेल्या पोरापोरींसाठी लिहिलेल्या, जाडजूड, वर मुकुट नाहीतर तलवार काढलेली. आत दरबार, शाप, उडते घोडे आणि गादीसाठी एकमेकांच्या उरावर बसलेली भावंडं. धुळ्याची नात सुटीत आली की एखादं पुस्तक इथंच विसरून जाते, तशी मी नादी लागले. आता जळगावातल्या आमच्या वाचनालयाच्या मासिकात या पुस्तकांवर लिहिते. तिथली बाई म्हणते, "आजी, तुम्ही उपदेश करत नाही, म्हणून पोरी तुमचं वाचतात." मी कसला उपदेश करणार? सातवीच्या पुढं मी शाळा कुठं पाहिली!

ही नवी कादंबरी मात्र घशात अडकलीय. त्यातली राणी धाकट्या लेकीची मंत्रविद्या मध्येच बंद करते. ग्रंथांच्या दालनाला कुलूप घालते, किल्ली कमरेला खोचते आणि राज्य वाचावं म्हणून पोरीला नदीपलीकडच्या राजाला देऊन टाकते. शेवटच्या प्रकरणात ती पोर कित्येक वर्षांनी आईला भेटायला येते, एवढं अनुक्रमणिकेवरून कळतं. नात फोनवर तापली होती. "आजी, सरळ लिही, राणी दुष्ट आहे."

"तिची पण काही अडचण असेल गं."

"झालं! तू कायम म्हाताऱ्यांचीच बाजू घे."

"मग तुझी घेऊ? तू तर माझं पुस्तक-परीक्षण मैत्रिणींना वाचून दाखवतेस आणि हसतेस."

हसलो दोघी. पण फोन ठेवला आणि मला आपली चूल दिसायला लागली.

तू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापते आहेस. मी निकालाचा कागद घेऊन दारात उभी आहे. पुढची शाळा भडगावला, गिरणा नदीच्या पल्याड. मास्तरांनी निरोप दिलाय, पोरगी हुशार आहे, पाठवा. धाकटा भाऊ झोळीत रडतोय. तू वर बघत नाहीस, भाकरी उलटतेस आणि म्हणतेस, "शाळा व्हई गई आते. घर बठ." बस, एवढंच. ना रागानं, ना मायेनं. दुसऱ्या दिवसापासून तू लोकांच्या शेतात आणि मी झोळीच्या दोरीला. तुझ्याजवळ दुसरी वाट नव्हती, हे मला आज कळतं. पण ते कळून त्या दिवशीचा घास काही खाली उतरत नाही.

आणि तूच बाजारातून आल्यावर गुळाची, मिरचीची पुडी सोडायचीस, तिचा कागद मांडीवर सपाट करायचीस, गोधडीखाली दाबून ठेवायचीस आणि संध्याकाळी माझ्यापुढं टाकायचीस. "ले, वाच." तुला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. एकदा अशाच कागदावर राजाराणीची गोष्ट निघाली. तू भांडी घासत ऐकत होतीस. राणी दरबारात उभी राहिली आणि कागद संपला.

"मंग राणीनी काय करं?"

"पुढचं फाटलंय माय."

"मंग तू सांग."

मी मनानंच सांगितलं, राणी रडत रडत महालात गेली. तू राखेचा हात झटकलास. "हट! राणी आसं करस का कधी?" मग दोघी किती वेळ त्या राणीवरून भांडलो. पुस्तकाबद्दल बोलायला मी तिथं शिकले. माय, कुलूप तूच घातलंस आणि दाराच्या फटीतून कागदही तूच सरकवलेस. मासिकात पुस्तकाला तारे द्यावे लागतात. तुला किती द्यायचे, मला सांग.

इथवर लिहून उठले होते. मग परीक्षण घेऊन बसले. 'राणीचा नाइलाज होता,' असं लिहिलं आणि खोडलं. आमच्या वाचनालयात येणाऱ्या पोरींत एखादी अशी असेल, जिच्या घरी आत्ता या घडीला तिची शाळा बंद करायचं बोलणं चाललं असेल. ती माझं वाचेल, नाइलाज म्हणेल आणि मान खाली घालेल. म्हणून लिहिलं, 'राणीला कारणं होती, तरी राणी चुकली.' लिहिलं आणि रिक्षा करून वाचनालयात देऊनही आले, घरी ठेवलं असतं तर पुन्हा खोडलं असतं. तुझ्या तोंडावर हे मी कधी बोलले नाही. आज बोलले, तर ते मासिकात छापून येणार.

तरी जीव थाऱ्यावर नाही. पुस्तक समोर पडलंय. शेवटच्या प्रकरणात राणी लेकीची माफी मागत असेल, तर मला ते बघवणार नाही. मागत नसेल, तर ते मला पाठ आहे.

आत्ता नातीचा पुन्हा फोन आला. "आजी, खरं सांग, शेवट वाचून रडलीस ना?"

"हो गं," म्हटलं.

माय, मी तो अजून उघडलेला नाही.