पाठमोरा गोल

१२ जानेवारी
व्हिडिओ गेममध्ये हरले! तेही बंकटकडून – माझ्या धाकट्या चुलतभावाकडून, ज्याला आइस हॉकीत चेंडू नसून रबराची चकती असते हे मीच सांगितलं! गड्यानं पडद्यावरच्या खेळाडूची पाठ गोलकडे केली, बटन दोनदा दाबलं, की चकती गोलकीपरच्या खांद्यावरून आत. दर वेळी! गेममधली काठी जरासुद्धा वाकत नाही. खऱ्या शॉटमध्ये काठी आधी बर्फावर आपटते, वाकते, मग चकती सुटते. व्हिडिओ बघून बघून शिकलेय मी.
"गोल झाल्याशी मतलब, ताई." म्हणे! मेल्याला लाज नाही.

१३ जानेवारी
या गेमच्या राज्यस्पर्धेला जिल्ह्यातून एकच जाणार. ती मीच. बस्स.

१५ जानेवारी
सुंदररावांकडे गेले. निवड तेच करणार – गेमचं मशीन त्यांचं, टीव्ही त्यांचा, मंगल कार्यालयही त्यांचंच. म्हटलं, तो शॉट खोटा आहे, बाद करा.
"खोटा कावून? तू बर्फ पाह्यलास का कधी?"
गोळ्यातला पाहिलाय, म्हटलं.
"मग खऱ्या बर्फावर दाखव. रविवारी लगीन हाय, लाद्या येतेतच."

१८ जानेवारी
लिहू की नको?
पाण्याच्या पिंपांसाठी आलेल्या दोन लाद्या गोणपाटावर एकापुढे एक मांडल्या. भुसा धुतला. टायरची चकती, चिरलेल्या बांबूची काठी, मांडवाचे दोन खांब म्हणजे गोल, आणि गोलकीपर म्हणून आचारी – हातात झारा! सगळं वऱ्हाड जमलं, मोबाइल उंचावून. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारल्या.
मी चपलेसकट लादीवर चढले. "बघा, आता काठी कशी वाकते –" म्हणाले आणि चप्पल सटकली! गर्रकन फिरले, गोलकडे पाठ, बांबू मागच्या मागे चकतीला लागला, आणि चकती आचाऱ्याच्या खांद्यावरून थेट आत.
"ह्योच!" बंकट किंचाळला. "ह्योच त्यो शॉट!"
बँडवाल्यांनी वाजवायलाच घेतलं. मी पाण्यात बसलेली.
"खरा हाय की गं," सुंदरराव म्हणाले. बंकटची निवड झाली.

१९ जानेवारी
बसता येत नाही. उभ्यानं लिहितेय. खूप रडले.

२० जानेवारी
आई गरम विटेनं शेकते आणि हसते. आईसुद्धा!

२४ जानेवारी
बंकट दारात, डोळे लाल. उद्या त्याला निघायचंय आणि आज गेमचं अपडेट आलं – तो शॉटच काढून टाकलाय. कारण लिहिलंय, प्रत्यक्षात असा शॉट शक्य नाही. अगदी माझंच म्हणणं!
"मला दुसरा येतच न्हाई गं, ताई."
हसायला हवं होतं. पण संतापच आला. शक्य नाही म्हणे! मग माझी कंबर कशानं मोडली?
लग्नातला व्हिडिओ मिळवून कंपनीला पाठवला. खाली लिहिलं – शॉट खरा आहे, परत टाका. पडलेली मी आहे.