गाठ न मारता

प्रिय बाबा,

माझ्या उजव्या खांद्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी धरून ठेवणारा पट्टा, पूर्ण फाटलाय. आज दुपारी डॉक्टरांनी एमआरआय बघून पक्कं सांगितलं. उद्या सकाळी आठला ऑपरेशन. मग सहा आठवडे हात गळ्यात, म्हणून आजच लिहितेय. मला भीती वाटतेय, बाबा. घरात कुणाला बोलले नाही.

तुमची नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. सुतळीला एकच गाठ मारून तुम्ही कधी थांबला नाहीत. "दुसरी मार सुधा, रतलामपर्यंत सुटेल ती!" आणि हे डॉक्टर म्हणतात, गाठ मारणारच नाही! दुर्बिणीतून बघत फितीसारखे धागे टेंडनमधून ओवायचे, टोकं बारक्या खिळीनं हाडात दाबून टाकायची. बस. गाठी कधी कधी आत घासतात म्हणे.

"और कील निकल गई तो?" मी विचारलं.

"हड्डी नरम निकली तो गाँठ बाँध दूँगा. मॅडम, किसी एक से डरिए ना!"

राजेंद्र नगरला घरी पोचेपर्यंत मी दोन्हींना घाबरत होते. माझं हाड कसं आहे, ते उद्या आत बघितल्यावरच कळणार.

तुम्ही स्कूटरवरून पडलात, त्या दिवशी मला पेपरचं पान छपाईला सोडायचं होतं. मी फोनवरच म्हणाले, "आखाड्यातल्या हाडं बसवणाऱ्या पहलवानाकडे जाऊन या, इंदौर में सब वहीं जाते हैं." त्यानं तुमच्या खांद्याला झटका दिला. तुमचाही टेंडन पडताना फाटला की त्या झटक्यानं, तुम्ही गेल्यावर आता कोण सांगणार? तो हात पुन्हा डोक्यापर्यंत गेला नाही. डाव्या हातानं भांग पाडायचात, वाकडा. मी हसायचे!

का हो बोलला नाहीत? विचारलं की तेच, "ठीक है बेटा, चलता है." मला कामावर जायची घाई, मीही ते लगेच खरं मानलं. डॉक्टरकडे न्यायला एक दुपार पुरली असती.

उद्या सहाला दवाखान्यात पोचायचंय. भूल उतरली की डॉक्टर सांगतील, धागे कशानं धरलेत. सहा आठवड्यांनी हात उचलायला लावतील. किती वर जाईल, माहीत नाही. पण दुखलं तर 'चलता है' म्हणणार नाही. माझ्या लेकीला, मीनूला सांगेन, ती कामाच्या घाईत असली तरी थांबवून सांगेन. वचन.

तुमची,
सुधा