गोळ्यांचे वाटे

मंगळवार, संध्याकाळ

त्या गोळ्या डोक्यातून जातच नाहीत. आमच्या आरोग्य केंद्रातल्या गुप्तरोगाच्या तपासणीत हिराला लागण सापडली, तेव्हा मी तिच्या नवऱ्यासाठीही पूर्ण औषध दिलं. तो बरा झाला नाही तर तिला पुन्हा होणारच. आज तिच्या घरी गेले तर म्हणते, "ताई, त्याचा फोन आल्ता. त्यानं होडीवर समद्यांना वाटल्या. त्यांनाबी तोच तरास व्हता. म्हावऱ्याचे वाटे करतात, तशा."

रागवायचं तरी कोणावर? मासळी वाटून घेणारा तो, गोळ्या एकट्यानं खाणं त्याला जमलं नसेल. गोळ्या पुरल्या कोणालाच नाहीत. पण सगळ्यांची लघवीची जळजळ थांबलीय म्हणे, मग आता तपासायला कोण येणार? रोग तर तसाच आत.

"होडी उद्या बंदराला लागते," हिरा लाजत म्हणाली.

मी निरोधचं पाकीट पुढे केलं.

"आता कशाला? घेतली ना त्यानं गोळी," म्हणत तिनं माझी मूठ मिटवली.