रक्त माझं, गेम त्यांचा

३ मार्च, सकाळी ९
चोरी! दिवसाढवळ्या दरोडा! नव्या तलवारबाजीच्या गेममध्ये रक्त उडतंय ते माझं. मान छाटली की आधी डाव्या कानातून चिळकांडी येते. ही चूक जगात फक्त मी लिहिलेल्या रक्त उडवायच्या कोडमध्ये, माझ्या लायब्ररीत आहे. पाच वर्षांत मला ती काढता आलेली नाही. कोड मी ओपन सोर्स केला. घ्या, वापरा, विका. लायसन्समध्ये अट एकच: माझं नाव ठेवा. खोक्यावर नाव नाही. मेनूत नाही. भिंतीला बुक्की मारली. भिंत ठीक आहे.

४ मार्च
आजपासून राग बंद. पुराव्यासाठी स्वतः गेम खेळलो. पहिल्याच पहारेकऱ्याने अकरा वेळा मुंडकं उडवलं. कंट्रोलर टीव्हीत घुसला. बायको म्हणाली, नाव अगदी शेवटी असेल, गेम संपल्यावर. हिला लायसन्समधलं काय कळतंय! चोर कधी शेवटी सही करून जातो का?

५ मार्च
गेमच्या कंपनीला निर्वाणीची नोटीस धाडली. चोवीस तासांत नाव टाका, नाहीतर माझा कोड काढा. काढतायत कसले! माझ्या रक्ताशिवाय तो गेम म्हणजे भाजी चिरणं. येतील झक मारत पाय धरायला.

७ मार्च, दुपार
उत्तर नाही. शांतपणे चर्चा करायला त्यांच्या ऑफिसात गेलो. पिशवीत हातोडा आपला असावा म्हणून होता. काचेचं दार फुटलं. सिक्युरिटीवाल्याने हात पिरगाळला, कट्कन आवाज आला. पण मीही त्याच्या दंडाला कडकडून चावलो. नैतिक विजय माझाच.

८ मार्च
उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने एवढंच.

९ मार्च
उत्तर आलं. फार सभ्य. माझं नाव आणि अख्खं लायसन्स पहिल्या दिवसापासून शेवटच्या श्रेयनामावलीत होतं म्हणे. मागणीप्रमाणे कोड काढलाय, त्यामुळे नावही काढलंय. नवं रक्त जास्त चांगलं उडतं, त्याबद्दल आभार.

खोटारडे, म्हणून ओरडलो. बायको म्हणाली, खरंय ते. तिने महिन्याभरापूर्वीच गेम पूर्ण केला होता. मी पहिल्याच पहारेकऱ्याकडून मरत होतो, ती मला कसं सांगणार?

नाव कसं दिसत होतं, विचारलं. मोठं होतं म्हणाली. पडद्यावर एकटंच. तिने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

आज मारावं असं कुणी सापडलं नाही.