आवाज भिंतीच्या अलीकडे

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार, सकाळ
तारीख घातलीस का गो मंजुळे? नसशीलच. वही कुठे ठेवली तेही मीच सांगितलं, आणि शिकलेली तू! तर लिही. नाथाने आपला आवाज भरून पाठवलेली सीडी आली. नाथा म्हणजे माझा लेक, तुझा बाप. तेवढं तरी आठवत असेल. दुबईची नोकरी सुटली म्हणतो. कायमचा परत येतोय. कधी, ते मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटलाय मेला. एकवीसला तुझा साखरपुडा, शेजारच्या रंभेच्या भाच्याशी, माजिवड्याच्या दौलतशी. दुबईचा सासरा बघून होकार दिलाय त्यांनी. तोवर रंभेला अक्षर कळता कामा नये. मधे एका विटेची भिंत, आणि तिचे कान सुपाएवढे.
निश्चय: कॉम्प्युटरचा आवाज असा लावायचा की मला ऐकू येईल, भिंतीला नाही.
मंजुळा म्हणते, आजे, हळू सांग. मी हळूच सांगतेय. हेही लिही.

१० फेब्रुवारी, बुधवार
आवाजाला दोन जागा. एक पडद्यावर, कर्ण्याच्या चित्राजवळची पट्टी, ती माऊसने खालीवर करायची. दुसरी स्पीकरचं बटण. दोन कशाला? तराजूला काटा एकच असतो. त्यावर तीस वर्षं ठाण्याच्या बाजारात मासळी विकली मी. बटण केसभर फिरवलं तर नाथा मुंगी. आणखी केसभर, तर नोकरी सुटल्याचं बोंबललाच. झटकन गोधडी टाकली त्याच्यावर. मग बरोबर जागी कुंकवाचं बोट लावून ठेवलं. आता चूक होणे नाही.
दुपारी: सुनेने स्पीकर पुसले. कुंकूही पुसलं. या घरात अक्कल कुणालाच नाही.

१३ फेब्रुवारी, शनिवार
स्पीकर तांदळाच्या डब्यात ठेवले. आवाज बरोबर बसला, पण मलाही डब्यात डोकं घालावं लागलं. पंखा बंद, खिडकी बंद. नाथाचं बोलणं तारखेपर्यंत आलं आणि वीज गेली. परत आली तेव्हा कॉम्प्युटर चालू होताहोताच ढॅण करून ओरडला. मेल्याला फोडून खाडीत टाकावा.
एक ध्यानात आलंय. मी वही सांगायला बसले की नळावरच्या बाया गप्प होतात. भांडी घासायच्या थांबतात. कॉम्प्युटर बंद, तरी कान लावून बसतात निर्लज्ज!
मंजुळेचं पुन्हा तेच, आजे हळू. अगं, माझ्या बोलण्याने मांजरही जागं होत नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार
पट्टी खालून दुसऱ्या खुणेवर, बटण पाव फेरा. जमलं! नाथा दहा मार्चला येतोय. स्पष्ट ऐकलं, आणि भिंतीपलीकडे चिटपाखरू नाही.
मंजुळा म्हणते, आपणच सांगून टाकू, फसवून लग्न नको मला. रडलीसुद्धा. मी म्हटलं, साखरपुडा होऊ दे, मग सांगेन गोड बोलून. आवाज कसा सांभाळावा ते माझ्याकडून शिक.

२० फेब्रुवारी, शनिवार
सकाळी रंभा आली. उभ्याउभ्याच म्हणाली, मनुमावशी, माझे कान सुपाएवढे तर सुपाएवढे, पण बुधवारी नाथादादाची तारीख सांगत होतात तेव्हा नेमकी कुकरची शिटी झाली. दहा मार्च की बारा?
कॉम्प्युटर तिने एकदाही ऐकला नाही म्हणे. वही मात्र रोज ऐकली, आख्ख्या गल्लीने. दौलतला पहिल्याच सोमवारी कळलं होतं.
मग मोडलं का, मी विचारलं. तिला ऐकूच गेलं नाही. दोनदा विचारावं लागलं.
म्हणाली, दौलत बघत होता, कुणी आपणहून सांगतंय का. मंजुळा रडली, फसवून नको म्हणाली, हे तुम्हीच तर बुधवारी ओरडून लिहून घेतलंत. त्यावर गडी म्हणाला, मुलगी हीच. उद्या पेढे घेऊन येताहेत.
तरी दोष त्या बटणाचाच.
लिही. रंभेकडे वाटीभर सुकटीची चटणी पाठव. तिखट बेताचं घाल. काय गो? रंभा भिंतीपलीकडून सांगतेय, लसूण जास्त. बरं. लसूण जास्त घाल, आणि वाटी नको, डबाभर पाठव.