पहिली वीस मिनिटं

महागाव,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमाला,

जय भीम. मी बरी आहे. कापसाची वेचणी सुरू आहे. दोन बाया आल्या, तिसरी येते म्हणाली आणि आली नाही. गुडघा आहे तसाच. फोनवर काही विचारलं की तू हसून दुसऱ्याच गोष्टीवर जातेस, म्हणून पत्र.

तू पेनड्राइव्हमधून पाठवलेले प्रेमाचे, हसवणारे पाचही सिनेमे पाहिले. सोबत तुझी चिठ्ठी होतीच. 'आई, हा बेकरीवाल्याचा माझा सगळ्यात आवडता. सुरुवात कंटाळवाणी आहे, वीस मिनिटांनंतर लावा.' 'हा वरातीतून पळालेल्या घोड्याचा. वीस मिनिटं पुढे न्या.' पाचांनाही तेच.

तुझे सासरे गेल्यावर मी अतुलच्या पहिलीच्या पुस्तकावरून वाचायला शिकले. एकेक अक्षर कष्टानं मिळालं. मी पुस्तकाची प्रस्तावनाही सोडत नाही. वीस मिनिटं कशी सोडीन?

शेजारची धुरपताबाई सोबत होती. बेकरीवाल्याच्या सिनेमात बाईचा नवरा दहाव्या मिनिटाला गेला. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात फोटोला हार चढला तेव्हा धुरपताबाई म्हणाली, "काहून वं, तुही सून हसवाचे सिनेमे धाडते का रडवाचे?"

"चूप बस. हसाचं आता येते."

आणि आलंच. घोड्याच्या सिनेमात तर तिच्या तोंडातली सुपारी टीव्हीवर उडाली. तो कोणालाही पाहायला सांग.

पण माझं डोकं चालू लागलं. पाचही बायांचे नवरे जातात, पाचही जणींना दुसरा भला माणूस भेटतो. असे पाच काही आपोआप जमत नाहीत.

त्यात पेनड्राइव्ह घेऊन आले तुझ्या शाळेतले धम्मरत्न सर. उमरखेडला चाललो होतो, म्हणून थांबलो, म्हणाले. रविवारी उमरखेडला कोणतं काम? आणि निघताना गाडी वळली ती उलटी, परत तुमच्या दिग्रसकडे. मी दारातच उभी होते.

चहा ठेवला तर म्हणतात, "साखर माह्यापुरतीच टाका, आई. तुमाले चालत नाही ना." माझी साखर काय शाळेच्या हजेरीपटावर लिहिली आहे?

अतुलच्या फोटोसमोर मात्र बराच वेळ उभे राहिले. दुपारची वेळ होती, पिठलं-भाकर तयार होती. मी झाकून ठेवली. जेवता का, विचारलं नाही. ते मनाला लागून आहे.

चार दिवस तुझा राग होता. मग कळलं, राग कशाचा. पाचही सिनेमांत पहिल्या नवऱ्याची आई आहे. सुरुवातीला ती रडते, सुनेला पाणी देते, दाराशी उभी राहते. मग गाणं लागतं आणि ती पुन्हा दिसत नाही. शेवटच्या लग्नात मी सिनेमा थांबवून थांबवून एकेक चेहरा पाहिला. पाचांतही नव्हती.

तू मला नेमकं तेवढंच पाहू नका म्हणालीस.

तुझे सासरे गेले तेव्हा मी अठ्ठावीसची होते. पुढे काय, हे मला कोणी विचारलं नाही. मीही नाही. अतुलला जाऊन तीन वर्षं झाली. अजून सकाळी चहाचं पाणी मी तिघांचं ठेवते आणि मग ओतून कमी करते. पण तू माझ्यासारखं बसून राहावंस, असं मला वाटत नाही. हे वाक्य लिहायला तीन कागद फाडले.

येत्या रविवारी त्यांना घेऊन ये. उमरखेडचं निमित्त नको. बेकरीवाल्याचा सिनेमा तिघं मिळून पाहू, पहिल्या मिनिटापासून. ते कुठं हसतात ते मला पाहायचं आहे, आणि कुठं गप्प बसतात तेही. पिठलं-भाकर करते. या वेळी झाकून ठेवणार नाही.

आणि सिनेमा संपला की मला एवढंच सांग, शेवटच्या लग्नात ती पहिल्या नवऱ्याची आई कुठं बसेल.

पहिल्या वीस मिनिटांतली,
तुझी आई
मथुराबाई