अंगणातली हत्तीची पाटी

१२ ऑक्टोबर
पवनचक्कीची ती करकर आज पुन्हा कानात! शाळेच्या खिडकीतून यायची. टिल्डनबाई कविता म्हणवून घ्यायच्या आणि ती मागून ताल धरायची. तेव्हा शिकागो फार लांब होतं. इथे नुसता मका, आणि घरटी हत्तीला, म्हणजे आमच्या पक्षाला, मत. आता मक्याच्या जागी बंगले. गल्लीभर निवडणुकीच्या पाट्या, त्याही विरोधी गाढववाल्यांच्या. हत्तीची एकच – माझ्या अंगणात.

१३ ऑक्टोबर
पाटी गायब. तारेच्या पायांसकट!

१६ ऑक्टोबर
दुसरी लावली, तीही गेली. समोरच्या अडेयेमीबाई सकाळी कुत्रा फिरवतात. शहरातून इथे राहायला आल्या, येताना गाढव घेऊन आल्या. आज माझ्या अंगणाकडे बघून हसल्या. का हसल्या? बायकोला सांगितलं. लॉरेन म्हणाली, "वॉरेन, माणसं हसतात रे. दरवेळी कट नसतो."
असतोच.

१९ ऑक्टोबर
पक्षाचा इथला म्होरक्या गॉर्डन – त्याचा फोन. स्वतःच्या अंगणात ज्याची पाटी टिकत नाही, त्याच्याकडे प्रभाग कसा ठेवायचा, म्हणाला. वडिलांनंतर मी सांभाळलेला प्रभाग! वर समजूत घालतो – राज्याच्या दक्षिणेकडचा खाणींचा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या गाढवाचा, तो आता सगळा आपला झालाय. "इकडे गेलं ते तिकडे मिळालं."
त्याला मिळालं असेल. मला माझी गल्ली हवी.

२२ ऑक्टोबर
तिसरी पाटी. दुपारभर पडद्याआड पहारा. डुलकी लागली – पाटी गेली! लॉरेनला काहीच दिसलं नाही म्हणे. हल्ली ती रोज वाचनालयात. चालायचे नवे बूटही घेतलेत. वाचनालय तर कोपऱ्यावर!
शेवंती मात्र काय उभी आहे! वाऱ्याने लोळत होती, लॉरेनने तारांचा आधार दिलाय. टिल्डनबाईंनी यावरही कविता म्हणवून घेतली असती.

२५ ऑक्टोबर
सकाळी घंटी वाजली. दारात अडेयेमीबाई. छातीवर गाढवाचा बिल्ला, हातात आणखी एक. चोरी कबूल करायला आल्या असतील म्हणून मी ताठ उभा राहिलो.
"मिस्टर हेगस्ट्रॉम, लॉरेन तयार आहे ना? आज तळ्याकडच्या गल्लीत प्रचाराला दारोदार जायचंय आम्हाला."
त्यांच्या मागे शेवंती. तिच्या तारा मी आज पहिल्यांदा नीट पाहिल्या.
आणि माझ्या मागे, जिन्यावरून, नव्या बुटांची करकर.